रक्ताविना आलेला रिपोर्ट

आधीच सांगून टाकतो - भुतंखेतं, चकवा, करणी यातलं काहीही मी मानत नाही. मानणार तरी कसा? आमच्या कामरगावात ज्या पांढऱ्या बाईच्या धाकानं लोक कित्येक वर्षं दिवस मावळल्यावर नाल्याकडच्या वाटेनं जात नसत, ती बाई म्हणजे मीच होतो! आईचं लुगडं, डोक्यावर पालथं मडकं... पुढं दोघातिघांनी मलाच शपथेवर सांगितलं की तिचे पाय उलटे होते. मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली.

सांगायचा मुद्दा असा की मी फसवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. तेव्हा पुढचं जे लिहितोय ते खुशाल संशयानं वाचा. मीही त्याच्याकडे अजून संशयानंच बघतो.

वय बावन्न. कारंज्यात एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लॅब जिन्याखाली. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, इतकी प्रशस्त. माझ्या जोडीला वैशाली. तिशीची, कामाला पक्की आणि माझ्या विनोदांना न हसण्याची शपथ घेतलेली.

आमच्याकडे रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन आहे. सकाळी आठला ते चालू केलं की पहिला लावायचा तो ‘ब्लँक’. म्हणजे रक्त द्यायचंच नाही. मशीन नुसतं आपलं द्रावण ओढतं, मोजतं आणि बिलाएवढ्या स्लिपवर सगळीकडे शून्य छापतं. शून्य आलं म्हणजे आतून स्वच्छ. ती स्लिप रजिस्टरला चिकटवायची, सही ठोकायची आणि मग पहिला पेशंट. एकदा मी ही शून्यांची स्लिप डॉक्टर साहेबांच्या नावानं त्यांच्याच टेबलावर ठेवली होती. हिमोग्लोबिन शून्य, पांढऱ्या पेशी शून्य. खाली शेरा - ‘पेशंटला आता विश्रांतीची गरज उरलेली नाही.’ साहेब हसले होते. पण लक्षात ठेवा ही गोष्ट, मला ती पुढं फार महाग पडणार आहे.

साहेबांची एक सवय. सेप्सिसचा पेशंट आला, म्हणजे जखमेचं नाहीतर लघवीचं इन्फेक्शन रक्तात उतरून सगळं शरीरच ढासळायला लागलं, की साहेब रोज साध्या सीबीसीतल्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतल्या, दोन आकड्यांचा भागाकार करतात. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच जाती. शेजारी प्लेटलेट लिहितात. भागाकार चढत चालला आणि प्लेटलेट उतरत चालल्या की साहेबांच्या कपाळाला आठी. “एका रिपोर्टानं काही ठरत नाही,” ते म्हणतात, “पेशंट कालच्यापेक्षा कुठं चालला ते सांग मले.”

झालं असं. संक्रांतीच्या आधीचे दिवस. सकाळी मी ब्लँक लावला. मशीन घरघरलं, स्लिप बाहेर आली... आणि तिच्यावर आकडे! पांढऱ्या पेशी बावीस हजार, न्यूट्रोफिल एक्क्याण्णव टक्के, प्लेटलेट छप्पन हजार. अख्खा रिपोर्ट. रक्ताचा थेंब नसताना.

माझा पहिला संशय अर्थातच वैशालीवर.

“काल मशीन न धुताच गेलती का वं?”

“म्या तीन डाव धुतलं, भाऊ. हे तुमचंच काईतरी असन. मले कायले फसवून राह्यले?”

म्हणजे तिचा संशय माझ्यावर. बरोबरच होतं तिचं. पुन्हा ब्लँक लावला, सगळी शून्यं आली. पहिली स्लिप रजिस्टरच्या मागच्या पानाला चिकटवली आणि मी चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी इंझोरीचे एक म्हातारे बाबा भरती झाले. लघवीचं इन्फेक्शन, अंगात थंडी भरलेली. त्यांचा रिपोर्ट छापून आला तसं वैशालीनं रजिस्टरचं मागचं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. दोन्ही कागदांवर तेच आकडे. दशांश चिन्हापर्यंत तेच.

बाबा संध्याकाळी गेले.

मशीनच्या मेमरीत शोधलं, आदल्या सकाळची नोंदच नव्हती. कंपनीच्या इंजिनियरला फोन केला तर तो म्हणाला, “व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल.” वा रे व्होल्टेज! मी ठरवलं, कोणीतरी माझ्यावर माझ्याच तऱ्हेचा डाव टाकतंय. गुरूला चेला भेटला. लॅबला घरचं कुलूप लावलं, एकच किल्ली, तीही माझ्या कमरेच्या करगोट्याला. मशीनच्या झाकणावर माझ्या डोक्याचा एक केस चिकटवून जायचो, म्हणजे कोणी उघडलं तर कळेल. तसेही थोडेच उरलेत, त्यातला रोज एक जायचा. तीन आठवडे केस जागेवर, स्लिपवर शून्य.

त्याच दरम्यान आमच्या सुमनवहिनी भरती झाल्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझी आई गेली तेव्हा मी नववीत होतो, पुढचं सगळं वहिनींनी केलं. पांढऱ्या बाईचा शोधही त्यांनीच लावला होता, आणि सांगितला कोणालाच नाही. त्यांना शुगर. तूर सोंगून झालेल्या वावरात चालताना कापल्या तुरीचं टोकदार धसकट पायात घुसलं, त्यांनी हळद दाबली आणि चार दिवस कोणाला सांगितलं नाही. आणल्या तेव्हा पाऊल काळंनिळं, ताप, बडबड. साहेबांनी जखम साफ केली, औषधं सुरू केली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. भागाकार चौदावरून नऊवर आला. दादानं हॉस्पिटलसमोर मला पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं कचोरी खाऊ घातली.

चौथ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं. केस जागेवर. ब्लँक लावला.

स्लिपवर आकडे.

पांढऱ्या पेशी सत्तावीस हजार तीनशे. न्यूट्रोफिल त्र्याण्णव, लिम्फोसाइट चार. प्लेटलेट एक्केचाळीस हजार. आणि एक आकडा मी बोट ठेवून दोनदा वाचला - लाल पेशींचा आकार चौसष्ट. वहिनींच्या लाल पेशी जन्मापासून बारीक आहेत. दर वेळी चौसष्ट, नाहीतर पासष्ट. हॉस्पिटलात त्या दिवशी दुसऱ्या कोणाचाही आकडा ऐंशीच्या खाली नव्हता. स्लिपवर नाव नसलं तरी चेहरा होता.

मग वहिनींचं त्या सकाळचं खरं रक्त लावलं. सुंदर रिपोर्ट! भागाकार सहा, प्लेटलेट एक लाख ब्याण्णव हजार. साहेब खूश. “उद्या जनरल वॉर्डात हलवू.”

मी ती स्लिप त्यांच्यापुढं ठेवली.

साहेबांनी चष्मा वर केला. “हे काय?”

“साहेब, सकाळचा ब्लँक. हे वहिनीचे उद्याचे आकडे आहेत. अकोल्याले हलवा त्यांना.”

“मागं माझा ब्लँक आणला होता, आता वहिनीचा?” आवाजात हसू नव्हतं. “घरच्या माणसावर तरी मस्करी करू नको.”

“आईची शप्पथ, साहेब.”

“तुझ्या आईच्या शपथेवर तू मला विहिरीत मगर आहे म्हणून सांगितलं होतं.”

सांगितलं होतं.

व्हरांड्यात दादाकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि नुसते हात जोडून म्हणाला, “तुह्या पाया पडतो, आज नको.” वैशाली शेजारीच होती. ती म्हणाली, “स्लिप खरी आहे, दादा.” दादानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिलाही नाटकात घेतलंय.

आयुष्यभर थापा मारून माणसाला काय मिळतं, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. एक बाई मरणार आहे हे मला माहीत, आणि ते सांगायला माझ्याकडे एकच तोंड - माझं.

मग माझ्या डोक्यात आलं, साहेब माझं ऐकणार नाहीत, पण आपल्या भागाकाराचं ऐकतील. दुपारी एकला सुई-नळी घेऊन वहिनींकडे गेलो. कोणाला न विचारता. नियमात बसत नाही, कबूल.

“सकाळीच तं नेलं ना, भाऊजी? आता काहून?”

“हात द्या, वहिनी.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढं केला.

रिपोर्ट आला. न्यूट्रोफिल अठ्ठ्याऐंशी, लिम्फोसाइट सात. भागाकार साडेबारा. प्लेटलेट एक लाख अडतीस हजार. सकाळपासून पाच तासांत! त्या स्लिपवरचे आकडे नव्हते हे, पण त्याच वाटेवर होते. साहेबांनी आधी मला न विचारता नमुना घेतल्याबद्दल झाडलं. मग कागद पाहिला. मग खुर्ची मागं ढकलून थेट वहिनींकडे. वहिनींचा श्वास मिनिटाला अठ्ठावीस होता. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या हसून बोलत होत्या. बीपी मोजताना साहेबांच्या कपाळाला ती आठी आली.

अर्ध्या तासात अॅम्ब्युलन्स मूर्तिजापूर मार्गे अकोल्याकडे निघाली. तिथं पोहोचताच बीपी कोसळलं. पण तेव्हा त्या आयसीयूत होत्या, आमच्या जनरल वॉर्डाच्या वाटेवर नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं तिथला रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. दुसरं शहर, दुसरं मशीन, दुसऱ्या माणसानं काढलेलं रक्त. सत्तावीस हजार तीनशे. त्र्याण्णव. चार. एक्केचाळीस हजार. चौसष्ट.

मी आणि वैशालीनं स्लिप आणि फोन शेजारी धरून एकेक आकडा ताडून पाहिला. शेवटी ती म्हणाली, “भाऊ, आता तरी खरं सांगा. कसं केलं तुमी हे?”

अहो, तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही! साहेबांनी तर स्लिप आणि अकोल्याच्या रिपोर्टाची मी काढलेली प्रिंट दोन्ही उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, “छपाई चांगली जमते तुला.”

वहिनी वाचल्या. पायाची दोन बोटं गेली. होळीच्या सुमारास कामरगावला त्यांना भेटायला गेलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्या बाजेवर बसून लसूण सोलत होत्या.

“खोटं वाटते ना तुमाले?” मी विचारलं.

“तुमचं खरं कवा वाटलं, भाऊजी? ते लुगडं नेलतं तवापासून पायतो मी तुमाले.” दोन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाल्या, “पण त्या दुपारी तुमी सुई घेऊन आले ना, तवा एकबी जोक नाई मारला. मले तवाच भेव वाटलं होतं. म्हून हात देला.”

वाचकहो, माझ्याकडे याचा उलगडा नाही. व्होल्टेज म्हणा, योगायोग म्हणा, थाप म्हणा. ती स्लिप थर्मल कागदाची, तिच्यावरची छपाई आता जवळजवळ उडालीय. झेरॉक्स आहे, पण माझ्यासारख्याच्या झेरॉक्सवर कोण विश्वास ठेवणार? मला रात्रंदिवस टोचतं ते वेगळंच. इंझोरीच्या बाबांचे आकडेही मला एक दिवस आधी मिळाले होते. आणि मी ते रजिस्टरला चिकटवून चहा प्यायला गेलो होतो.

साहेब नवीन मशीन घ्यायचं म्हणतात. मी दर वेळी सांगतो, हे चांगलं चालतंय, राहू द्या. अजून रोज सकाळी ब्लँक लावतो, रोज शून्यं येतात. पण स्लिप बाहेर यायला लागली की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि वैशाली वाचून दाखवते. “शून्य, भाऊ,” ती म्हणते.

मग मी तिला पुन्हा एकदा वाचायला लावतो.