नारिंगी ताऱ्याच्या वह्या

आमचे बाबा शिंपी. दिवसभर मशीनवर वाकायचे आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की गच्चीवर दुर्बीण लावून बसायचे. त्यांचा तारा एकच. अंधुक, नारिंगी, दुर्बिणीशिवाय दिसायचाही नाही. आई म्हणायची, "माझ्याकडे एवढं बघितलं असतं तर!"

त्याच्या शेजारी एक पांढरा तारा आहे. त्याचा उजेड बदलत नाही, म्हणून त्याच्याशी ताडून नारिंगी किती उजळ ते बाबा वहीत लिहायचे. अकरा वर्षांपूर्वी नारिंगी फिका होता. मग वर्षागणिक वाढत गेला, पांढऱ्याच्या बरोबरीला आला आणि शेवटी त्याच्यापेक्षा वरचढ ठरला. "हे माझ्याशिवाय कुणी पाहिलेलंच नाही," बाबा म्हणायचे. डोळ्यांत तेल घालून केलेलं काम. गेल्या महिन्यात त्यांनी सगळ्या वह्या वेधशाळेला पाठवून दिल्या.

त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट त्यांनी पिवळट दोऱ्याने शिवला. वर "दोरा पांढराच आहे" म्हणून त्याच्याशीच भांडले. मी हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, जुना, पिवळा पडलेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच संध्याकाळी ते गच्चीवर गेले. मीही गेले. त्यांनी उजवा डोळा लावला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"काय झालं, बाबा?"

"डाव्याने नारिंगी मोठा दिसतो. उजव्याने पांढरा." मग दुर्बिणीपासून बाजूला होत म्हणाले, "तारा होता तसाच आहे गं. माझा डोळा पिवळा पडत गेला आणि पांढऱ्याचा उजेड खात गेला. अकरा वर्षं मी वहीत माझा मोतीबिंदू लिहीत बसलो."

"वह्या परत मागवू ना."

"वह्या येतील. वर्षं कुठून मागवू?"

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच. उलट माझीच समजूत काढत राहिले, आणि मला ते सहन होईना.

नारिंगी पांढऱ्याच्या बरोबरीला आल्यापासून दरवर्षी ते मला एकदा वर बोलवायचे. "तुझे डोळे तरणे आहेत. नीट बघून सांग, कोणता मोठा?" मी थंडीने कुडकुडत डोळा लावल्यासारखं करायचे, "तुमचाच, बाबा" म्हणायचे आणि खाली पळायचे.

त्या दिवशीच्या नोंदीपुढे ते न चुकता लिहायचे: 'मुलीनेही पाहिलं.'