बालीच्या नोकरीचा कागद, व्हाया अंबरनाथ

बालीला जाऊन आलेल्यांचे ब्लॉग तुम्ही पुष्कळ वाचले असतील. समुद्र, भातखाचरं, झोपाळ्यावरचे फोटो. माझं प्रवासवर्णन उलटं आहे. बालीहून एक बाई उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर बघायला आल्या आणि दुकानाच्या टेम्पोतून मी त्यांना दोन दिवस फिरवलं. माझं सगळं आयुष्य याच पट्ट्यात गेलं, पण इथे प्रवासी म्हणून मी पहिल्यांदाच हिंडलो.

आधी त्या कोण ते सांगतो. उल्हासनगरला गोपशेठच्या फर्निचरच्या दुकानात मी बावीस वर्षं आहे. वांगणीकडे फार्महाऊस वाढली तशी लोकांना बागेत दगडी कारंजी आणि दाराला कोरीव चौकटी हव्याशा वाटू लागल्या. तो माल बालीतून येतो. तिथे माल निवडायला, तडा आहे का बघायला आणि नीट बांधून जहाजावर चढवायला आम्ही वायनताईंना ठेवलं. फोनवर बोलून मीच ठेवलं. आपलंच घर समजा, असंही मीच म्हणालो होतो. दोन वर्षं आम्ही त्यांना सल्लागार म्हणत होतो आणि दर महिन्याला पैसे पाठवत होतो.

मग त्यांचा निरोप आला. एका ऑस्ट्रेलियन व्यापाऱ्याने त्यांना रीतसर नोकरी देऊ केली होती. उत्तर देण्याआधी त्यांना आमचं दुकान बघायचं होतं. त्या गेल्या असत्या तर आमच्याकडे फुटकी कारंजी आली असती आणि दुकानाचा बालीचा धंदा बसला असता.

गोपशेठ घाबरले आणि अंबरनाथच्या लेबर कन्सल्टंट पेडणेकर मॅडमकडे गेले. मॅडमनी जे सांगितलं ते परदेशात माणूस ठेवू पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. कायदा माणूस जिथे काम करतो तिथला लागतो, शेठ जिथे बसतो तिथला नाही. दिवसभर तुमचंच काम, तुमच्याच सांगण्यावरून करणाऱ्याला सल्लागार म्हटल्याने तो सल्लागार होत नाही. आपली तिथे कंपनी नसेल, तर तिथल्या एखाद्या नोंदणीकृत कंपनीच्या पटावर त्याला घ्यायचं. ती कंपनी पगार देते, कर कापते, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा विमा भरते आणि तिचा खर्च आपण द्यायचा. शिवाय इंडोनेशियात कामगाराच्या स्वतःच्या धर्माच्या मोठ्या सणाला महिन्याचा जादा पगार द्यावाच लागतो, तोही सणाच्या किमान आठवडाभर आधी.

इथे गोपशेठ खुलले. म्हणाले, "वो तो मैंने दिया है, साईं. दिवाळीला पूर्ण पगार."

ही गोष्ट खरी होती आणि नव्हतीही. वायनताई हिंदू, म्हणजे दिवाळी असणारच, असं शेठनी धरलं होतं. बालीतले हिंदू दिवाळी करत नाहीत. वायनताईंच्या खात्यात महिन्याचा पगार जास्तीचा आला, सोबत 'दिवाळी' एवढाच शब्द. त्यांनी चौकशी केली. दिव्यांचा सण आहे असं कळलं. त्यांनी त्या सगळ्या पैशांचे दगडी दिवे घेतले आणि पुढच्या कंटेनरमध्ये भरून पाठवले. शेठनी ते चांगल्या भावाने विकलेही.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बोनस दिला नाही, माल मागवला."

पहिला दिवस उल्हासनगरचा. सकाळी जाणार असाल तर दाल पकवान खा, साठेक रुपयांत दुपारपर्यंत भूक लागत नाही. वायनताईंनी एक घास खाल्ला, हसून मान हलवली आणि पिशवीतून स्वतःच्या तिखटाची बाटली काढून डाळीत ओतली. गोपशेठनी पाहुणचार म्हणून तेच तिखट चाखलं. पुढचा अर्धा तास व्यवहाराचं बोलणं झालं नाही. शेठना उचकी लागली होती. आमचं इंग्रजी सगळ्यांचंच सारखं मोडकं आहे, त्यामुळे एकमेकांना ते चांगलं कळतं.

दुपारी अंबरनाथ. टेम्पोने रस्ता मोकळा असेल तर अर्धा तास, नसेल तर देवाची मर्जी. लोकलने आलात तर पूर्वेला उतरून रिक्षा करा. शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. नदीकडे बघू नका, मंदिराकडे बघा. वायनताईंनी दाराशीच कमरेला पिवळा पट्टा बांधला आणि माझ्यासाठीही एक काढला. त्यांच्याकडे त्याशिवाय देवळात जात नाहीत. मी बांधला. तिथल्या फुलवाल्या मावशींनी विचारलं, भाऊ, कंबर दुखते का?

बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींसमोर वायनताई फार वेळ उभ्या होत्या. मला वाटलं भक्ती. मग त्यांनी सवयीने नखाने दगड वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, पहिल्या प्रतीचा माल आहे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गारवा होता. त्या डोळे मिटून बसल्या, मीही बसलो. या बाई राहू देत, एवढंच मी मागितलं.

मॅडमचं ऑफिस स्टेशनजवळ, मोबाइलच्या दुकानावर. गोपशेठ उचकीसकट आधीच पोचले होते. करारात सगळं होतं, पगार, विमा, सणाचा पैसा, रजा. शेठनी पेन पुढे केलं. वायनताईंनी सगळं वाचलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पाक अनंतकडे कुठला कागद आहे?" तिकडे पुरुषाला मानाने पाक म्हणतात. म्हणजे मी.

शेठ हसले. "अनंतभाऊ को कागज काहे का? वो तो घर का आदमी है."

वायनताई म्हणाल्या, "दोन वर्षं मीही घरचीच होते."

मॅडम म्हणाल्या की हे त्याही विचारणार होत्या. आमच्याकडे माणसं अकरा. वीसच्या आत असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीची सक्ती नाही, पण ग्रॅच्युइटी लागू आहे आणि नियुक्तिपत्र तर आता द्यायलाच हवं. शेठ खिडकीबाहेर बघू लागले. मी पंख्याकडे. वायनताईंनी सही केली नाही. उद्या संध्याकाळी विमानाला जाताना सांगेन म्हणाल्या.

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. बावीस वर्षांत मी कागद मागितला नव्हता, आणि आता माझ्यापायी यांची नोकरी अडणार. बदलापूरला आमच्या घरी सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. तिखटाची बाटली पिशवीतच राहिली. जेवण झाल्यावर मी राग बोलून दाखवला. वायनताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बावीस वर्षं जवळ असलेल्या माणसाला ज्यांनी कागद दिला नाही, ते समुद्रापलीकडे माझा कागद किती दिवस पाळतील? तुमचा असला तर माझ्या कागदावर माझा विश्वास बसेल."

सुमन आतून म्हणाली, "दोन वर्षांत तिला कळलं ते."

दुसऱ्या दिवशी वांगणीला एका फार्महाऊसवर कारंजं पोचवायचं होतं. पावसाळा संपल्यावर या रस्त्याला जरूर जा, दोन्हीकडे शेतं आणि मध्येच 'सी फेसिंग' नाव असलेली इमारत दिसते. समुद्र कुठे आहे ते मी विचारलं नाही. वायनताईंनी स्वतः बांधलेली पेटी स्वतः उघडली. माझं लक्ष नव्हतं. शेठना काय म्हणायचं, हे मी मनात घोळवत होतो. जाताना वाक्य मोठं होतं. येताना बदलापूर सोडेपर्यंत ते बरंच लहान झालं. उल्हासनगरला दुकानात शिरल्यावर तोंडातून एवढंच निघालं, "शेठ, मलापण द्या."

शेठचा चेहरा पडला. ते मेले तर काय होईल याची मला भीती वाटली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही मेल्याची नाही, तुमच्या पोरांची वाटते. दोन्ही पोरं कॅनडात, दुकान विकायला टपलेली, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग त्यांनी मॅडमना फोन लावला. म्हणाले, त्या बाईंचा बनवलाय तसाच आमच्या अनंतभाऊंचा बनवा, आणि हो, आजच.

संध्याकाळी मॅडमच्या ऑफिसात आधी माझी सही झाली, मग वायनताईंची. त्यांना विमानतळावर सोडून मी घरी परतलो.

आता काय उरलं ते. कागद घाईत झाला होता. मॅडमनी खरंच वायनताईंचाच करार घेऊन त्यात माझं नाव घातलं होतं. बावीस वर्षांनंतर मी सहा महिने प्रोबेशनवर आलो होतो. आणि रजांमध्ये बालीच्या नववर्षाचा दिवस आहे. मी वायनताईंना निरोप पाठवून विचारलं, त्या दिवशी काय करतात? उत्तर आलं की काही करायचं नसतं. काम नाही, विस्तव नाही, घराबाहेर जाणं नाही, बोलणं नाही. त्यांचं वर्षही शकाचं, आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येतं.

प्रोबेशनची चूक मी दुरुस्त करून घेतली. रजेची राहू दिली. सुमनने सांगितलं, "मला कुठे नियुक्तिपत्र मिळालंय? मी गॅस पेटवणार." तिने पेटवला. मी फोन बंद करून दिवसभर दारातल्या ओट्यावर बसलो. एवढा रिकामा दिवस देवाने मला आधी दिला नव्हता.

दुपारनंतर गोपशेठची गाडी आली. फोन लागत नाही म्हणून ते घाबरून आले होते. सुमनने सगळं सांगितलं. ते माझ्यासमोर उभे राहिले. "पूरा दिन चुप? और पगार?"

मी आत गेलो, कागद आणला आणि 'भरपगारी' या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. खाली स्वतःची सही पाहिली. मग चपला काढून ते माझ्या शेजारी ओट्यावर बसले, आणि अंधार पडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.