टिल्डनचा गुडघा

देवदत्त पिंपळापुरेने अमेरिकन फुटबॉलचा तो लांबुळका चेंडू आयुष्यात एकदाच फेकला होता, ऑफिसच्या पिकनिकला. तीन हात पुढे जाऊन तो आडवा पडला, आणि देवदत्तने पुन्हा त्याला हात लावला नाही. पण शिकागोच्या टीमने गेल्या पंचवीस वर्षांत कुठल्या एप्रिलमध्ये कोणाला कितव्या नंबरला उचललं, तो किती सीझन टिकला आणि शेवटी कुठे गेला, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या गणपतीत पंगतीला बसल्यावर कोणी हा विषय काढला, की वरण वाढणाऱ्याला देवदत्तला दोनदा हाक मारावी लागे.

एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट असतो. कॉलेजातून निघालेल्या खेळाडूंमधून सगळ्या टीम पाळीपाळीने आपापले गडी निवडतात. आदल्या वर्षी जो तळाला, त्याची पाळी आधी. पहिल्या फेरीतला, म्हणजे फर्स्ट राउंडचा, गडी सगळ्यात मोलाचा. शिकागोला हा मान वरचेवर मिळे आणि वरचेवर वाया जाई. वाजतगाजत आणलेला आणि मैदानावर न चाललेला खेळाडू म्हणजे देवदत्तच्या भाषेत ‘फुसका बार’. हा शब्द त्याने रुळवला. पुढे तो त्याच्यासोबत मॅच बघणाऱ्या मराठी ग्रुपमधल्या सगळ्यांच्या तोंडी बसला, ज्यांना मराठीचे दहा शब्द येत नव्हते त्या पोरांच्यासुद्धा.

नागपूरला इंजिनीअरिंगला देवदत्त वर्गात पहिला आलेला. अमेरिकेत आला तेव्हा दोन-तीन वर्षांत मोठ्या पदावर जाईल, असं घरच्यांनी आणि त्यानेही धरलं होतं. झालं असं, की प्रोग्रामिंगमधून तो टेस्टिंगमध्ये गेला आणि तिथेच राहिला. दोनदा मॅनेजर व्हायची वेळ आली, दोन्ही वेळा बाहेरचा माणूस आणला गेला. यावर तो कधी बोलला नाही. सुरुवातीच्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर सगळे फुटबॉलवर बोलत आणि हा डबा उघडून मान खाली घालून बसे. तेव्हा लायब्ररीतून पुस्तक आणून तो खेळ शिकला. वर्षभरात टेबलावरचे गोरे त्यालाच विचारायला लागले. ऑफिसात त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जायचं ते एवढ्या एका विषयात.

मग मुलगा झाला, परीक्षित. सातव्या वर्षापासून तो रविवारी बापाच्या शेजारी सोफ्यावर बसायला लागला. देवदत्तला मुलांशी काय बोलावं ते कळत नसे. शाळेचं विचारलं, की परीक्षित एका शब्दात उत्तर देई. पण मॅच लागली, की दोघांचं तोंड मिटत नसे. वीणा म्हणायची, पोराचं जे काही मराठी आहे ते या सोफ्यावरचं आहे. ते खरंच होतं.

परीक्षित हुशार निघाला. गणिताच्या स्पर्धेत राज्यातून चौथा आला. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका आपापल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायच्या. तो अकरावीत असताना टीमने ब्रेडन टिल्डनला पहिल्या दहांत उचललं. टिल्डन म्हणजे साडेसहा फुटी धिप्पाड गडी. त्याचं काम एकच, चेंडू फेकणाऱ्यापर्यंत समोरच्यांना पोचू द्यायचं नाही. त्या संध्याकाळी बापलेक सोफ्यावरून एकदमच उठले होते. देवदत्त म्हणाला होता, आता दहा वर्षं ही बाजू बघायला नको.

टिल्डन तीन वर्षं टिकला. पहिल्याच सीझनमध्ये त्याचा डावा गुडघा दुखावला. दुसऱ्या वर्षी तो खेळला, पण समोरचे त्याला वळसा घालून निघून जायचे. तिसऱ्या वर्षी बाकावर बसला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला काढून टाकलं. देवदत्तचा निकाल ठरलेला होता. पोरगा आळशी, पैसे मिळाले आणि भूक संपली. परीक्षित तोवर युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला होता. रविवारी तो फोन करायचा आणि या एका माणसावरून दोघांची तासतासभर जुंपायची. परीक्षितचं म्हणणं, गुडघा बरा व्हायच्या आतच त्याला उतरवलं. तीन वर्षांत तीन कोच झाले, प्रत्येकाने वेगळं उभं राहायला शिकवलं. कोणी त्याला एकदा तरी विचारलं का, की तुला काय होतंय?

देवदत्त म्हणायचा, “ज्याला खेळायचं असतं तो खेळतो. बाकी सगळी कारणं.”

त्याला वाटायचं, आपण वाद जिंकतोय. पलीकडून मग परीक्षित म्हणायचा, “ओके बाबा, नेक्स्ट वीक बोलू.”

युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, परीक्षित दोन बॅगा घेऊन घरी आला. दोन सेमिस्टर तो वर्गातच गेला नव्हता. सकाळी उठवत नाही, एवढंच त्याने सांगितलं. वीणा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या. देवदत्तने ऐकून घेतलं, पण त्याच्या मनाला ते पटलं नाही. खातोपितो, ताप नाही, मोडलेलं काही नाही, मग झालंय काय? वर्षभराने परीक्षित एका हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात कामाला लागला, रंगाच्या काउंटरवर. लोक भिंतीच्या रंगाचा तुकडा घेऊन यायचे आणि तो तसाच रंग मशीनवर घुसळून द्यायचा. संध्याकाळी त्याच्या नखांत निळं-पिवळं राहिलेलं असे. वीणाला त्यात बरं वाटायचं, पोरगा रोज उठून कामावर तरी जातोय. देवदत्त मंडळात कोणी विचारलं, की म्हणे, ब्रेक घेतलाय.

अशी दोन वर्षं गेली. परीक्षित रविवारी अजून खाली येऊन बसायचा. वादही व्हायचे, पण आधीसारखे तासभर नाहीत.

मग गेल्या वर्षीचा ड्राफ्ट आला. दरवर्षीप्रमाणे मंडळी देवदत्तच्या बेसमेंटमध्ये जमली. त्यात मनोहरकाका होते, सत्तरच्या दशकात शिकागोला आलेले, आता पंचाहत्तरीचे. शंतनू होता, पुण्याचा, त्याची मुलगी इला नुकतीच मोठ्या मेडिकल कॉलेजात लागली होती. आणखी चार-पाच जण. टीमची पाळी यायला अवकाश होता, म्हणून आजवरचा सगळ्यात मोठा फुसका बार कोण, ही नेहमीची चर्चा सुरू झाली. मनोहरकाका जुन्या काळातले एकेक काढत होते. शंतनूने टिल्डनचं नाव घेतलं.

त्याच वेळी परीक्षित बर्फाची बादली घेऊन जिना उतरला. दुकानातून तो थेट आला होता, अंगात दुकानाचा ॲप्रन तसाच होता. बादली ठेवता ठेवता तो सहज म्हणाला, की टिल्डनला त्या यादीत घालणं बरोबर नाही, त्याचा गुडघा…

“शंतनू, सोड,” देवदत्त म्हणाला. “फुसक्या बाराला फुसक्या बाराचीच दया येणार. आमच्या घरचा फर्स्ट राउंड पिक बघतोयस ना? रंग कालवतोय.”

त्याला हे विनोदाने म्हणायचं होतं. निदान नंतर तो स्वतःला तसं सांगत राहिला. दोघंजण हसले, कारण हसायचं की नाही हे त्यांना कळलं नाही. शंतनूने फोन काढून त्यात डोकं घातलं. परीक्षितने बादली टेबलावर ठेवली, बर्फात चिमटा खोचला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. टीमची पाळी आली, नाव पुकारलं गेलं, सगळे ओरडले. तेवढं होईपर्यंत तो तिथे होता. मग वर गेला.

मंडळी निघाल्यावर मनोहरकाका बूट घालता घालता थांबले. “देवदत्त, त्याच्याशी बोल,” ते म्हणाले. “आजच बोल. मी बोललो नव्हतो माझ्या पोराशी. माझा मुलगा सिअ‍ॅटलला असतो, एवढंच मला माहीत आहे.”

देवदत्तने मान हलवली. जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत तो गेलाही. खोलीच्या दाराखालून उजेड दिसत होता. दार वाजवून काय म्हणायचं, ते त्याला सुचेना. तो परत खाली गेला आणि रिकाम्या बाटल्या गोळा करू लागला.

जूनमध्ये परीक्षितने सांगितलं, की व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, शाळेतल्या मित्राच्या ओळखीने डेटा सेंटरमध्ये काम मिळालंय, केबल टाकायचं. सामान गाडीच्या मागच्या सीटवर मावलं. वीणाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. देवदत्तने टायरमधली हवा तपासली, ऑइल बघितलं, रस्त्यात ओहायोत पोलीस फार असतात म्हणून सांगितलं. परीक्षित हो म्हणाला आणि गेला.

सीझन सुरू झाला तसा देवदत्त त्याला मेसेज पाठवू लागला. अमुक खेळाडू कसा खेळला, तमुकला उगाच घेतलं. सुरुवातीला उत्तरं येत, मग नुसता अंगठा, मग तोही नाही. रविवारी मॅच लागली, की देवदत्तला आपण कोणाशी तरी बोलतोय असं वाटे आणि तोंड उघडल्यावर लक्षात येई, की शेजारी कोणी नाही.

ऑक्टोबरमध्ये एकदा गाडीतून येताना त्याने टिल्डनची मुलाखत ऐकली. टिल्डन आता कुठल्याशा गावात शाळेच्या पोरांना शिकवत होता. गुडघ्याची तीन ऑपरेशनं झाली होती. दर मॅचआधी सुई टोचून घ्यायचो, तो सांगत होता, आणि मॅचनंतर घराचा जिना बसून चढायचो, एकेक पायरी. लोक आळशी म्हणायचे. मलाही वाटायला लागलं, की असेन मी आळशी. देवदत्त घरापाशी पोचला तरी गॅरेजबाहेर गाडीतच बसून राहिला. मग त्याने मुलाखत परीक्षितला पाठवली आणि खाली लिहिलं, तू बरोबर होतास.

दोन दिवसांनी उत्तर आलं, “ओके.”

वीणा म्हणाली, “असं फोनवर लिहून नाही होणार. तुम्ही स्वतः जा.” नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधीच्या शनिवारी तो विमानाने गेला. परीक्षित त्याला घ्यायला आला होता. वाळला होता, दाढी ठेवली होती. तिघा जणांत मिळून घेतलेल्या त्याच्या अपार्टमेंटमध्ये टीव्ही नव्हता. खिडकीतून एकाही खिडकीविना उभ्या असलेल्या पांढऱ्या लांबलचक इमारती दिसत. त्यातल्याच एकीत तो काम करायचा. त्याने बापासाठी चहा केला, आईने पाठवलेला चिवडा बशीत काढला. सगळं नीट, पाहुण्याला करतात तसं.

देवदत्त विमानात सगळी वाक्यं जुळवून आला होता. त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं. तुझ्या तब्येतीचं मला कळलं नाही. पण समोर बसल्यावर त्याच्या तोंडून निघालं, “टिल्डनच्या बाबतीत माझं चुकलं रे. तू म्हणत होतास, तसंच होतं.”

परीक्षितने कप खाली ठेवला.

“बाबा, मी आता फुटबॉल बघत नाही.”

“नाही, ते ठीक आहे. मी फक्त म्हटलं…”

“मला टिल्डनचं काही नव्हतं,” परीक्षित म्हणाला. आवाज चढला नव्हता. “मी माझं सांगत होतो. फोनवर. एव्हरी संडे. मला दुसरं कसं सांगायचं ते येत नव्हतं, तुझ्याशी आपलं तेवढंच बोलणं होतं ना. आणि तू दर वेळी मला उत्तर दिलंस.”

देवदत्तला ते रविवार एकापाठोपाठ एक आठवले. आपण काय काय म्हणालो होतो, ते त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं. खेळाडूंचे नंबर पाठ होते, तसंच.

“मला कळायला हवं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मग आता?”

परीक्षितने खरंच थोडा विचार केला. “आता काही नाही, बाबा. आय ॲम नॉट अँग्री. पण माझ्याकडे तुझ्याशी बोलायला काही राहिलं नाही. मी शोधून बघितलं.” मग त्याने बशी पुढे सरकवली. “चिवडा घे.”

दुसऱ्या दिवशी त्याने बापाला विमानतळावर सोडलं. गाडीतून उतरून बॅग काढून दिली, वाकून नमस्कारही केला. देवदत्तने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ जाड जॅकेटात होती, हाताला काही लागलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि परीक्षित निघून गेला.

या एप्रिलमध्ये देवदत्तने सगळ्यांना कळवलं, की बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय, ड्राफ्ट शंतनूकडे बघा. पाणी शिरलं नव्हतं. मनोहरकाकांनी फोन करून विचारलं, मी येऊन बसू का? तो म्हणाला, नको.

परीक्षितचा फोन आता वीणाला येतो, महिन्यातून दोनदा, जेवणाच्या वेळेला. ती स्पीकर लावून ठेवते आणि देवदत्त समोर पोळी मोडत ऐकतो. परीक्षित थंडीचं सांगतो, शिफ्टचं सांगतो, गोळ्या घेतोय म्हणून सांगतो. शेवटी न चुकता विचारतो, बाबा कसा आहे?

वीणा देवदत्तकडे बघते. तो घास चावत असतो. ती थोडी वाट बघते आणि मग तीच सांगते, “बरे आहेत.”

“ओके,” परीक्षित म्हणतो.