बांधलं कोणी

नांदेडला मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझे वडील अहमदपूरला गवंडी होते. दोन वर्षांपूर्वी एका बंगल्याचा वरचा मजला चढवताना ते परांचीवरून पडले. खुबा मोडला, उजव्या हाताची बोटं नीट मिटेनाशी झाली. आई आधीच गेलेली, म्हणून मी त्यांना माझ्याकडं घेऊन आले.

दिवसभर नुसतं बसून राहणं त्यांच्या अंगात नव्हतं. एका रविवारी मी धड्याची तयारी करत होते, तर शेजारी येऊन बसले.

"मलाबी शिकीव की एखादा शब्द. सिमेटाच्या पोत्यावरची अक्षरं येतात मला."

मी वहीवर 'बिल्ड' लिहून दिलं. बिल्ड म्हणजे बांधणे. बांधून झालं की बिल्ट. डाव्या हातानं त्यांनी पानभर गिरवलं. मग मी या क्रियापदाचे बाकीचे उपयोग सांगितले: शरीर बिल्ड करतात, करिअर करतात, विश्वाससुद्धा करतात.

"लोकं काय काय बांधायलेत," ते हसले. पडल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

थोड्या दिवसांनी म्हणाले, "तो बंगला झाला म्हणं. एकदा बघून येऊ."

माझ्या मनात नव्हतं, पण नाही म्हणवेना. एसटीनं अहमदपूरला गेलो. बंगला पिवळ्या रंगात न्हाऊन उभा होता. बाबा काठी टेकत फाटकापाशी थांबले आणि खांबावर बसवलेली संगमरवरी पाटी अक्षरं जुळवत वाचू लागले. वरच्या ओळीत घराचं नाव. खाली इंग्रजीत 'बिल्ट बाय', त्यापुढं मालकाचं नाव.

"बिल्ट," ते माझ्याकडं वळून म्हणाले, "आपलाच शब्द हाय की हा!"

एवढ्यात मालक बाहेर आले. भला माणूस. बाबा दवाखान्यात होते तेव्हा दोनदा भेटून गेलेला. "या मिस्त्री, या. लई दिवसानं!" म्हणत त्यांनी खुर्च्या मांडायला लावल्या, चहा सांगितला. चहा पिता पिता बाबांनी विचारलं, "साहेब, ते पाटीवर लिवलंय, त्याचा अर्थ कोणी बांधलं असाच न्हवं?"

"हाव. मीच की," मालक सहज म्हणाले.

बाबांनी मान हलवली. उठून खिडकीपाशी गेले. वरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडली होती, तिच्यावरून अधू हात फिरवला. "पाणी कमी पडलं गिलाव्याला. मी असतो तर..."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, "बांधून घेणाऱ्याला बी बिल्टच म्हणत्यात का?"

"हो बाबा. आपल्याकडंही साहेबानं घर बांधलं असंच म्हणतात ना?"

"म्हणत्यात. खरं हाय." मग पुन्हा विचारलं, "मग आमच्यासाठी निराळा शब्द न्हाई?"

गवंड्याला इंग्रजीत शब्द आहे, हे मला माहीत होतं. पण ते विचारत होते ते वेगळंच होतं. व्याकरणातलं काहीतरी मी बोलत राहिले, भाषेत चालतं असं म्हणाले. ते "बरं" म्हणाले.

त्यानंतर त्यांनी वही उघडली नाही. वर्गात ते क्रियापद आलं तेव्हा मी पुस्तकात नसलेलं एक इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहिलं, अर्थ असा: मालकानं घर बांधून घेतलं, गवंड्यांनी ते बांधलं. मुलांनी उतरवून घेतलं. घरी आल्यावर हे बाबांना सांगायचं ठरवलं होतं, पण ते भिंतीकडं तोंड करून पडले होते.

हल्ली आमच्या समोरच्या प्लॉटवर इमारत उभी राहायलीय. गॅलरीतली आपली खुर्ची बाबांनी फिरवून घेतलीय, तिकडं पाठ करून.