धाकटीचे ब्रेक

ताई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि ती एका अरुंद खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसून मेणात एकेक दात रोवायची. सगळे दात अगदी सरळ रेषेत बसवले की कवळी ओळखू येते, म्हणून ती पुढचा एखादा दात हलकासा तिरका ठेवायची. दिवसभर मान खाली आणि डोळे ताणलेले. चाळिशीनंतर पाठीने कुरकुर सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी पोहायला जा म्हणून सांगितलं. तिला पाण्याची भीती वाटायची, म्हणून तिने सायकल घेतली.

तीही डोंगरावर चालवायची सायकल. गावामागे बंद पडलेल्या दगडखाणीला लागून एक उंच टेकडी होती, तिथे रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा एक घोळका जमायचा. ताई त्यांच्यात वयाने सगळ्यांत मोठी होती आणि चढावर सगळ्यांच्या पुढे असायची. जोर लावणं तिच्या स्वभावातच नव्हतं. हलक्या गिअरवर बसून ती एका लयीत पाय फिरवत राहायची, आणि सुरुवातीला सुसाट सुटलेली तरुण मंडळी धापा टाकत थांबली की त्यांच्या बाजूने गुपचूप पुढे निघून जायची. उतार मात्र तिला जमत नसे. मोठ्या दगडांचा टप्पा आला की ती सरळ उतरून सायकल हातात धरून चालायची. त्याबद्दल कुणी तिला चिडवत नसे, कारण चढ तिने आधीच मारलेला असे.

आयुष्यात पहिल्यांदाच ती कशात तरी पहिली येत होती. शाळेत, नातेवाइकांत, फोटोत, सगळीकडे आजवर पहिली यायची ती चिमी, तिची धाकटी बहीण. चिमी दिसायला उजवी, बोलायला गोड, आणि चुकलं तरी लोकांना तिचं कौतुकच वाटायचं. ताई कधी बोलून दाखवत नसे. पण आई चिमीचं काही सांगू लागली की ताईला हमखास दुसऱ्या खोलीत काहीतरी काम निघायचं.

चिमीचं लग्न मोडलं आणि ती ताईच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आली. खोली ताईनेच शोधून दिली. चिमी केस कापायचं काम करायची, त्यासाठी दुकानही दोन गल्ल्या सोडून मिळालं. पण सुट्टीच्या दिवशी ती पडदे ओढून पडून राहायची. ते बघून ताईचा जीव तुटला. तिने आपली जुनी सायकल माळ्यावरून उतरवली, साखळीला तेल घातलं आणि चिमीला टेकडीवर नेलं.

त्या दिवशी चढावर चिमीची वाट लागली. अर्धा रस्ता ती चालतच आली. ताईने थांबून तिला पाणी दिलं, गिअर कसे बदलायचे ते दाखवलं, आणि तिला मनातून फार बरं वाटलं. बहिणीबद्दल इतकी माया तिला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. मग उतार लागला. चिमीने पुढच्या माणसाकडे एकदा नीट बघून घेतलं, पेडलवर उभी राहिली, अंग मागे टाकलं आणि सायकल सोडून दिली. दगडांच्या टप्प्यावरून ती उड्या मारत गेली. त्या खटारा सायकलवर ती खाली पोहोचली तेव्हा सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते. कुणीतरी म्हणालं, ही तर घार आहे. ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

ताई सायकल हातात धरून खाली आली, तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

पुढे दर रविवारी तेच होऊ लागलं. ताई वर पहिली पोहोचायची, पण आता लोक चढाबद्दल बोलतच नव्हते. ते उताराच्या तोंडाशी मोबाइल काढून घारीची वाट बघत उभे राहायचे. परतीच्या चहालाही चिमीचंच बोलणं चालायचं. "तुमच्या बहिणीने कमाल केली," असं ताईला चारचौघांत ऐकावं लागायचं, आणि ती हसून म्हणायची, मीच आणलं तिला. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं की एकदा चिमीनेच तिच्याआधी म्हणून टाकलं, "हो, ताईनेच आणलं मला." सगळे हसले. ताईला ते दिवसभर सलत राहिलं.

त्या काळात चिमीने स्वतःची सायकल घेतली. घोळक्यातल्याच एकाची वापरलेली होती, खास उतारासाठी बांधलेली. पुढचं चाक धरणारा लांब दणकट फोर्क मोठा धक्काही गिळायचा, टायर जाड आणि खोल दातऱ्यांचे, हँडल रुंद, आणि बसल्या बसल्या एक बटण दाबलं की सीट खाली जायची. ताईची सायकल याच्या बरोबर उलट होती. हलकी, पुढे छोटा फोर्क, बारीक खाचांचे भराभर फिरणारे टायर, आणि मागे ताटाएवढं गिअरचं चक्र, ज्याच्या जोरावर ती भिंतीसारखा चढही चढून जायची.

एका संध्याकाळी ताई सायकलच्या दुकानात गेली आणि मला चिमीसारखा लांब फोर्क बसवून द्या म्हणाली.

दुकानदार तिला सुरुवातीपासून ओळखत होता. त्याने सांगून पाहिलं की तुमची सायकल चढासाठी बनवलेली आहे, तिला एवढा लांब फोर्क लावला तर पुढचा भाग उचलला जाईल आणि चढावर चाक जमिनीला धरणार नाही. उतार सोपा हवा असेल तर आधी सीट खाली जाणारी नळी घ्या, पुढचा टायर थोडा जाड घ्या, एवढ्याने तुमचं काम होईल. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिला बसवलंय तेच मला बसवा."

फोर्कनंतर टायर बदलले, मग हँडल. दर थोड्या दिवसांनी ती एकेक भाग बदलून आणायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, त्याला यंत्रातलं कळायचं. व्हरांड्यात उभ्या असलेल्या सायकलकडे बघून तो म्हणाला, "अगं, ही तुझी आहे की चिमीची?" त्याने गमतीत विचारलं होतं. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

सायकल जड झाली, पण ताईला उताराची भीती वाटायची ती वाटतच राहिली. दगडांच्या टप्प्यापाशी येऊन ती पूर्वीसारखीच ब्रेक दाबायची, पाय टेकवायची, उतरायची. फरक इतकाच की आता चढावरही ती मागे पडू लागली होती. टेकडीच्या शेवटच्या खड्या वळणावर पुढचं चाक हवेत उठायचं आणि सायकल घोड्यासारखी मागे यायची.

अशातच टेकडीवर शर्यत ठरली. खाणीच्या रस्त्याने वर आणि दगडांच्या वाटेने खाली. दोघी बहिणींनी नावं दिली. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात चिमी वर ताईकडे आली. सरावाच्या वेळी मोठ्या उतारावर ब्रेक दाबूनही सायकल नीट थांबत नाही, शेवटी शेवटी तर जळका वास येतो, असं सांगत होती. ताईने खाली जाऊन सायकल पाहिली. पाहता क्षणी तिच्या लक्षात आलं. आधीच्या मालकाने वजन कमी करायला ब्रेकच्या छोट्या चकत्या बसवल्या होत्या. लांब उतारावर त्या तापणार आणि ब्रेक हातातून जाणार. पुढची चकती तर उष्णतेने निळसर पडली होती. मोठ्या चकत्या आणि कडक पॅड घातले की झालं, दुकानातलं तासाभराचं काम.

"बदलायला हवेत का गं?" चिमीने विचारलं.

ताईने चकतीवरून बोट फिरवलं. "चालतील," ती म्हणाली.

चिमीने मान डोलावली. ताईच्या शब्दावर तिने आजवर शंका घेतली नव्हती. ताई जिना चढून वर आली आणि भाजी चिरायला बसली. आपण काय केलं ते तिला नीट कळत होतं. चिमीने पडावं असं तिला वाटत नव्हतं, असं ती मनाला बजावत होती. फक्त एकदा, एकदाच, तिने घाबरावं, हळू यावं, उतरून चालावं. पुढच्या दिवसांत कामावर तिच्या हातून एका कवळीचे वरचे दात खाली बसले, दुसरीचं मेण वितळलं. दोनदा तिने फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

शर्यतीच्या सकाळी सगळे रांगेत उभे होते. ताईची नजर चिमीच्या पुढच्या चाकावर गेली. तिथे नवीकोरी मोठी चकती चमकत होती. ताईचा जीव भांड्यात पडला. चिमी हसत म्हणाली की काल साखळी बघायला सायकल दुकानात नेली, तर दुकानदाराने हट्टच धरला, तू रागावू नकोस. आणि तेवढ्यात ताईच्या मनात आलं, हिचं सगळं कसं आपोआप निभावतं. सुटकेच्या त्या श्वासामागून असा विचार आला याची तिला शिसारी वाटली, पण तो आला होता.

शिट्टी वाजली. खड्या वळणावर ताईचं चाक उचललं गेलं, ती कलंडली आणि तिला उतरावं लागलं. पुन्हा चढून बसायला गेली तर जाड टायर मातीत रुतले. बाजूने एकेक जण निघून जात होता. मग मागून चिमी आली. चेहरा लालबुंद झालेला, पण ती सीटवरच होती. "ताई, चल ना, माझ्यामागे ये," ती धापा टाकत म्हणाली आणि पुढे गेली. तिच्या आवाजात फक्त काळजी होती. ताईला ती सहन झाली नाही. तिने सायकल वळवली आणि ज्या रस्त्याने आली होती त्याच रस्त्याने घरी गेली.

चिमी बायकांत पहिली आली. बक्षीस घेताना तिने ताईला शोधलं म्हणे.

काही दिवसांनी दुकानदार सहज बोलून गेला, चकतीचं तुमच्या नजरेतून सुटलं कसं, मला नवलच वाटलं. त्याच्या मनात काही नव्हतं. पण ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. ती तिथून निघाली ती थेट चिमीच्या दुकानात गेली.

दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चिमीने तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले आणि किती वाढलेत गं म्हणून कापायला घेतले. समोर आरसा होता. ताईने आरशातल्या चिमीकडे पाहिलं आणि सांगितलं.

"ब्रेक चालणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी मी चालतील म्हणाले."

कात्री थांबली. चिमीने आरशात वर पाहिलं नाही.

"का?"

"तू माझ्या टेकडीवर आलीस म्हणून."

मग चिमी म्हणाली, "मान खाली घे." आणि तिने उरलेले केस कापले. एकही बट वाकडी गेली नाही. मानेवरचे बारीक केस ब्रशने झटकले, कापड सोडलं, झाडलं, घडी घातली.

"मी मेले असते, ताई."

"हो."

"जा आता."

त्यानंतर कित्येक आठवडे चिमी वर आली नाही. जिन्यात भेटली तर बाजूला होऊन वाट द्यायची, जशी शेजाऱ्यांना देतो तशी. भावजींशी मात्र ती पूर्वीसारखीच बोलायची. नवऱ्याने एकदा काय झालं म्हणून विचारलं तेव्हा ताईने त्यालाही सगळं सांगितलं. तो उठला आणि पाने-पक्कड घेऊन व्हरांड्यात गेला. त्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून तिचा जुना छोटा फोर्क परत बसवला, बारीक टायर चढवले. सीटची नळी दुकानदाराने सुचवली होती ती मात्र घेतली.

रविवारी ताई पुन्हा चढावर पुढे निघू लागली. घोळक्यात दोघी असायच्या, पण चहाला दोन टोकांना बसायच्या. एकदा परत जाताना चिमीची साखळी तुटली. ताई थांबली. तिने साखळीची कडी जोडून दिली. चिमीने पेडल फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "यात आता सांगायचं काही राहिलं नाहीये ना?" प्रश्न सरळ होता आणि ताईला तो लागला. तिने तिथेच साखळी पुन्हा तपासली, मागचं चाक तपासलं, ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाली, "पॅड झिजलेत. या आठवड्यात बदल." चिमीने बदलले. पण आधी तिने दुकानदाराला विचारून घेतलं, आणि विचारलं हे ताईला कळू दिलं.

पुढच्या हंगामात चिमी दुसऱ्या गावच्या मोठ्या शर्यतीला गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने सायकल वर आणून व्हरांड्यात लावली आणि कुलपाची चावी दारात ठेवून खाली गेली. ताईने ती दुपारभर खोलली, पुसली, कसली. शर्यतीला मात्र गेली नाही, काम आहे म्हणाली. नवऱ्याने खरं कारण विचारलं तेव्हा तिने लपवलं नाही. "तिला जिंकताना अजून बघवत नाही मला," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी फोन आला. चिमी तिसरी आली होती, आवाज बसला होता, मागे गलका चालला होता. ताईला जुना सल टोचला. तो ओसरेपर्यंत ताई थांबली, मग शाबास म्हणाली, आणि उतारावर पुढचा टायर कसा धरत होता, ते तिने विचारलं. चिमी सांगू लागली. पुष्कळ वेळ सांगत राहिली.