सोबतीचा थंड कण

विश्वाचे रहस्य उलगडायचे तर आधी कण थंड करावे लागतात, असे तंजावूरचे आमचे शेजारी, भौतिकीचे प्राध्यापक, डबरा नावाच्या पसरट वाटीतली कॉफी टंबलरात उंचावरून ओतत सांगत.

“थंड म्हणजे हळू नव्हे, राव. धावायचे तसेच, फक्त धक्काबुक्की थांबवायची. तापलेल्या कणांसोबत थंड इलेक्ट्रॉन त्याच वेगाने सोडतात. ते उष्णता स्वतःवर घेतात.”

आमच्या बँकेत संगणक आला, त्याला हार घातला गेला आणि माझे टेबल संडासाशेजारी गेले. मी राजीनामा लिहून घरून तणतणत निघालो. प्राध्यापक पावलाला पाऊल जुळवत सोबत आले. बँकेच्या दाराशी म्हणाले, “आता जा, ओरडा.” ओरडण्याजोगे काही उरले नव्हते. राजीनामा खिशातच राहिला.

परतताना प्राध्यापक ऑटोवाल्याशी कडाकडा भांडले.