सतराचा पाढा आणि अडीचशेची गाडी

माझा मामा कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत, तीस वर्षं तो दुसऱ्यांचे दात घासत बसला आहे. नवी कवळी बसवली की माणूस आधी आरशाकडे वळतो. मामा आरसा पालथा घालतो. "दिसायचं नंतर बघा, आधी सतराचा पाढा म्हणा." त्या पाढ्यात 'स' इतके, की कवळी सैल असली तर शिट्टी वाजते आणि घट्ट असली तर माणूस एक्कावन्नलाच अडतो.

हाच मामा रविवारी मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसची गाडी उडवतो. उडवतो म्हणजे आपली बेताचीच. तिसांत चौदावा-पंधरावा येतो. पुढचे पुढे निघून जातात, मागचे मागे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेवर मामा एकटा. त्याला तेच आवडतं. "उडीच्या टोकाला थ्रॉटल सोडला ना, की क्षणभर आवाजच नसतो बघ," प्लास्टर कालवता कालवता तो सांगतो आणि त्याचा हात तसाच वर थांबतो. खिडकीतून तो कुठल्या उडीकडे बघत असतो, देव जाणे. तोवर भांड्यातलं प्लास्टर दगड झालेलं असतं.

गेल्या वर्षी मित्राची साडेचारशे सीसीची गाडी घेऊन तो उडाला आणि गाडीच्या आधी खाली आला. खांद्याजवळचं हाड मोडलं. दोन महिने मामीने त्याच्या शर्टाची बटणं लावली. मग एवढंच म्हणाली, "अजून एक हाड मोडलं, की हे बंद." मामाने शब्द दिला. त्याची स्वतःची जुनी गाडी तोवर भंगारात गेली होती. म्हणजे आता घ्यायची ती गाडी चुकली, की रविवार संपलाच.

जुन्या गाड्यांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मामाच्या आवाक्यातल्या दोनच होत्या. एक साडेचारशेची, उंच, चकचकीत. दुसरी अडीचशेची, रंग उडालेली, सीटला ठिगळ. मामा सरळ उंच गाडीवर चढला. पायाची नुसती बोटं जमिनीला टेकत होती, पण समोरच्या काचेत स्वतःला बघून त्याने पोट आत घेतलं.

"भाऊ, शोभते तुम्हाला," गाडीवाला म्हणाला. मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

मामी त्या काचेसमोर जाऊन उभी राहिली. "अहो, दिसायचं नंतर बघा. पाढा म्हणत मागच्या मैदानाला एक फेरी मारून या."

मामा परतला तो घामाघूम.

"कुठपर्यंत आलात?"

"सतरा दुणे चौतीस."

"आणि पुढे?"

"पुढे दातच उघडेनात गं."

मग ठिगळवाली. ती घेऊन तो रमतगमत आला.

"झाला पाढा म्हणून?"

"दोनदा," मामा पडेल आवाजात म्हणाला आणि पुन्हा उंच गाडीकडे बघत राहिला. मला त्याचं वाईट वाटलं. आपण बेताचे आहोत हे ठाऊक असणं वेगळं आणि तशी गाडी विकत घेणं वेगळं. पण त्याने ठिगळवालीच घेतली.

पुढच्या रविवारी मामी ट्रॅकवर आली. हाड मोडल्यापासून पहिल्यांदाच. मोठ्या उडीजवळ दोरीला लागून उभी राहिली, माझी बाही मुठीत धरून. पुढचे सगळे कान किटवत गेले. धूळ हळूहळू खाली बसली. मग मोकळ्या वाटेवरून मामा एकटा आला, चढला, आणि टोकाला त्याने थ्रॉटल सोडला.

गाडी हवेत. आवाज नाही. आणि त्या शांततेत हेल्मेटमधून स्वच्छ ऐकू आलं, "सतरा नवे एकशे त्रेपन्न!"

चाकं मातीला टेकली. गाडी वळणाआड गेली.

मामीने माझी बाही सोडली. "सतरा दाहे एकशे सत्तर," ती पुटपुटली, आणि पुढच्या फेरीची वाट बघत गवतावर ऐसपैस बसली.